इन-अ‍ॅप खरेदीचे रिफंड वाढलेत? कोणाला ब्लॉक करायच्या आधी या क्रमाने तपासा

ज्यांचं छोटं-मोठं अ‍ॅप प्ले स्टोअरवर किंवा अ‍ॅप स्टोअरवर आहे आणि आत कॉईन्स, जेम्स, प्रीमियम, टेस्ट सिरीज असं काहीतरी विकलं जातं त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी बॅकएंडची, म्हणजे अ‍ॅपच्या मागे चालणाऱ्या सर्व्हरची कामं घेतो, आणि गेम बनवणारे असोत की तलाठी भरती-एमपीएससीच्या टेस्ट सिरीज विकणारे असोत, तक्रार अगदी ठरलेली असते, लोक विकत घेतात, वापरून घेतात आणि पैसे परत मागून मोकळे होतात. हे प्रकरण इतक्या वेळा निस्तरलंय की तपासायचा क्रम आता पाठ झालाय. सोपं आणि फुकटचं आधी, डोकेदुखीचं शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. रिफंड द्यायचा की नाही हे बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं. गूगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत ग्राहक थेट गूगलकडे रिफंड मागतो, तुम्हाला कोणी विचारत नाही, त्यानंतर मात्र गूगल त्याला सहसा तुमच्याकडे पाठवतं. आणि ही खरेदी मी केलीच नाही, परस्पर कोणीतरी केली असं त्याचं म्हणणं असेल तर १२० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. अ‍ॅपलकडे तर निर्णय सर्वस्वी अ‍ॅपलचा, डेव्हलपरकडे रिफंडचं बटणच नाही. त्यामुळे "रिफंड बंद कसे करायचे" याच्यामागे लागून काही होत नाही. रिफंड झाल्यावर तुम्ही दिलेली वस्तू परत घेतली जाते का, हे विचारा. मी बघितलेल्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये ती घेतलीच जात नव्हती, आणि हे एकदा चार पोरांना कळलं की ग्रुपवर फिरतं आणि मग लाईनच लागते.

लक्षणं

खालच्यापैकी कुठली जुळतात ते बघा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं आणि सगळी लक्षणं फसवणुकीची नसतात.

- महिन्याच्या अर्निंग्ज रिपोर्टमध्ये रिफंडच्या ओळी वाढल्यात पण तुमच्या स्वतःच्या डॅशबोर्डवर विक्री छान दिसतेय.
- रिफंड झालेल्या युजरचे कॉईन्स तसेच आहेत, प्रीमियमही चालूच.
- नवीन अकाउंट येतं, सगळ्यात महागडा पॅक घेतं, काही मिनिटांत सगळं खर्च नाहीतर गिफ्ट, आणि त्याच दिवशी रिफंड.
- टेस्ट सिरीज घेतली, त्याच रात्री एकूण एक पीडीएफ डाउनलोड, सकाळी पैसे परत.
- टेलिग्रामवर कोणीतरी तुमच्याच गेमचे कॉईन्स निम्म्या भावात विकतोय.
- रिफंड बरोबर तीन दिवसांनी होतायत आणि युजर उलट तुम्हालाच विचारतोय की मी मागितला नव्हता, पैसे परत का आले.
- तुमच्या डेटाबेसमध्ये खरेदी आहे पण प्ले कन्सोलमध्ये (गूगलचं डेव्हलपरसाठीचं पान) ती ऑर्डर सापडतच नाही.

शेवटची दोन दिसली तर बरं समजा, ती घरातलीच कामं आहेत आणि लवकर मिटतात.

१. कन्सोल उघडा आणि ऑर्डर खरी आहे का ते बघा

खर्च शून्य. संशयित पाच-दहा खरेद्यांचे ऑर्डर नंबर घ्या, गूगलचे असतील तर ते जीपीए ने सुरू होतात, आणि प्ले कन्सोलच्या ऑर्डर मॅनेजमेंटमध्ये टाकून शोधा. नंबर सापडला नाही तर रिफंडचा प्रश्नच नाही, पैसे कधी आलेच नव्हते, कोणीतरी फोनवर बनावट खरेदी दाखवली आणि तुमच्या अ‍ॅपने विश्वास ठेवला. असं असेल तर मधलं सगळं सोडून सरळ नवव्या मुद्द्यावर जा.

याच बैठकीत तुमच्या टेस्टर लोकांच्या ऑर्डरी बाजूला काढा. लायसन्स टेस्टरची (तुम्ही कन्सोलमध्ये चाचणीसाठी नोंदवलेल्या खात्याची) खरेदी ही खरी खरेदी नसते, एपीआयच्या, म्हणजे सर्व्हरने गूगलला थेट माहिती विचारायच्या सोयीच्या, उत्तरात ती टेस्ट म्हणून वेगळी येते, आणि टीममधल्यांनी दिवसभर बटणं दाबलेली असली की आकडे उगाच फुगतात.

सबस्क्रिप्शन विकत असाल तर अजून एक गोंधळ इथेच निस्तरा. कॅन्सल म्हणजे रिफंड नाही. युजरने सबस्क्रिप्शन कॅन्सल केलं म्हणजे पुढचं रिन्यूअल होणार नाही एवढंच, भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत प्रीमियम वापरायचा त्याला पूर्ण हक्क आहे. कॅन्सल करून पण वापरतोय अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात, आणि काही जणांनी तर अशा गिऱ्हाईकांना ब्लॉकही केलेलं असतं. पैसे भरलेल्या माणसाला चोर ठरवू नका.

२. तीन दिवसांचा नियम

गूगल प्लेवर खरेदी झाली की तुमच्या अ‍ॅपने किंवा सर्व्हरने ती तीन दिवसांच्या आत अ‍ॅक्नॉलेज करावी लागते, म्हणजे माल पोचवला असं गूगलला कळवावं लागतं. नाही कळवलं तर गूगल आपोआप पैसे परत करतं. कॉईन्ससारखी संपणारी वस्तू असेल तर कन्झ्यूम करणं, म्हणजे ती वापरात घेतली असं गूगलला कळवणं, हेच अ‍ॅक्नॉलेज धरलं जातं, पण एकदाच घ्यायच्या अनलॉकला आणि सबस्क्रिप्शनच्या पहिल्या खरेदीला वेगळं अ‍ॅक्नॉलेज करावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं.

जास्त करून हे कधी होतं, तर युजरने पैसे भरले आणि त्याच क्षणी नेट गेलं किंवा अ‍ॅप बंद झालं, किंवा पेमेंट पेंडिंग पडलं आणि नंतर पूर्ण झालं. अ‍ॅप परत उघडल्यावर जुन्या खरेद्या तपासणारा कोड नसेल तर ती खरेदी तशीच लटकते आणि तीन दिवसांनी पैसे परत. त्यात काही अ‍ॅप्स माल आधी देतात आणि अ‍ॅक्नॉलेज करायला विसरतात, मग युजरकडे माल पण राहतो आणि पैसे पण. यात त्याची काहीच चूक नाही.

तपासायला सोपं आहे, खरेदीची वेळ आणि रिफंडची वेळ यातला फरक काढा, ढिगाने ७२ तासांवर पडत असतील तर रोग सापडला. उपाय म्हणजे अ‍ॅप प्रत्येक वेळी समोर आलं की खरेद्यांची यादी परत मागवायची आणि अ‍ॅक्नॉलेज शक्यतो सर्व्हरवरून करायचं. आणि पेंडिंग असताना काहीही देऊ नका, पर्चेस्ड अशी स्थिती आल्यावरच द्या. लायसन्स टेस्टरसाठी ही मुदत तीन मिनिटांचीच असते, त्यामुळे घरी बसून पटकन तपासता येतं.

३. रिफंड दिला कोणी?

गूगलची व्हॉइडेड पर्चेसेस एपीआय म्हणजे रद्द झालेल्या, रिफंड झालेल्या आणि चार्जबॅक झालेल्या (ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत खेचलेल्या) खरेद्यांची यादी. प्रत्येक ओळीत सोर्स नावाचा आकडा असतो, ० म्हणजे युजर, १ म्हणजे डेव्हलपर, २ म्हणजे गूगल. आधी फक्त हा आकडा मोजा.

१ बरेच निघाले तर ते रिफंड तुमच्याच घरातून गेलेत. सपोर्ट बघणारा मुलगा एका स्टारचा रिव्ह्यू टाळायला म्हणून जो मागेल त्याला देत असतो, किंवा रिफंड देताना वस्तू काढून घ्यायचा पर्याय निवडतच नाही, कारण त्याला तो कोणी दाखवलेलाच नसतो. ऑर्डर मॅनेज करायची परवानगी किती जणांना आहे ते कन्सोलमध्ये बघा, काम सोडून गेलेल्यांची नावं तशीच असतील तर आजच काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

४. कारणांची छाननी

त्याच यादीत रीझन पण येतं, आणि इथे थोडा वेळ द्या कारण पुढचं सगळं याच्यावर ठरतं. १ म्हणजे मत बदललं, २ माल मिळाला नाही, ३ माल सदोष, ४ चुकून खरेदी, ५ फ्रॉड, ६ फ्रेंडली फ्रॉड (खऱ्या ग्राहकानेच खरेदी करून नंतर नाकारणं), ७ चार्जबॅक, आणि ० म्हणजे इतर. सगळ्यांना एका पोत्यात घालू नका.

२ आणि ३ जास्त असतील तर तुमची डिलिव्हरी तपासा, पैसे कापले गेले आणि कॉईन्स आले नाहीत असं खरंच होतंय का. कुठल्या व्हर्जनपासून वाढलं ते लावून बघा, बऱ्याचदा एखाद्या अपडेटच्या तारखेलाच बरोबर चिकटलेलं सापडतं.

४ जास्त असेल तर खरेदीचं बटण कुठे आहे ते बघा. "पुढे चला" च्या जागीच मधेच "विकत घ्या" येतं का? लहान मुलं खेळतात असा गेम असेल तर फोन आईचा किंवा बाबांचा असतो, खरेदीला पासवर्ड लावलेला नसतो, आणि पोराने दाबलेल्या बटणाचे पैसे पालक परत मागणारच, तो त्यांचा हक्क आहे. तिथे तुमच्या बाजूने एक साधा "किती रुपये जाणार" असा स्पष्ट स्क्रीन टाकला तरी फरक पडतो.

१ थोडेफार असणारच, दुकान म्हटलं की आलंच. पण १ वाले तेच तेच लोक असतील तर पुढे वाचा. ५, ६, ७ एकदम उसळले तर शेवटचा भाग आधी वाचा.

अ‍ॅपलकडे एवढी बारीक फोड मिळत नाही. रिव्होकेशन रीझन दोनच, १ म्हणजे अ‍ॅपमध्ये काहीतरी अडचण आली किंवा युजरला तसं वाटलं, ० म्हणजे बाकी काहीही.

५. रिफंडची खबर तुमच्या सर्व्हरपर्यंत येते का?

सगळ्यात जास्त वेळा रोग इथे सापडतो. संपणारी वस्तू एकदा कन्झ्यूम झाली की ती फोनवरच्या खरेद्यांच्या यादीतून गायब होते, त्यामुळे नंतर रिफंड झाला तर अ‍ॅपला कळायला काही मार्गच उरत नाही. कळणार ते फक्त सर्व्हरला, आणि तेही तुम्ही कान लावला असेल तर.

गूगलसाठी रिअल-टाइम डेव्हलपर नोटिफिकेशन्स चालू आहेत का बघा. ती पब-सब मधून येतात, ही गूगलची मेसेज पोचवायची सेवा, आणि टॉपिक म्हणजे तिच्यातली मेसेज टाकायची पेटी. कन्सोलच्या मॉनेटायझेशन सेटअपमध्ये टॉपिकचं नाव टाकलंय का, रद्द झालेल्या खरेद्यांची नोटिफिकेशन्स निवडलीत का, आणि गूगलच्या सर्व्हिस अकाउंटला (माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचं खातं) त्या टॉपिकवर पब्लिश करायची परवानगी आहे का, या तीन गोष्टी बघून तिथलंच टेस्ट नोटिफिकेशनचं बटण दाबा आणि तुमच्या लॉगमध्ये आलं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पब-सबची एक खोड लक्षात ठेवा, पब-सबच्या सबस्क्रिप्शनवर (तुमच्या सर्व्हरने मेसेज घ्यायची जोडणी, युजरचं प्रीमियम नव्हे) ३१ दिवस काहीच हालचाल नसेल तर डिफॉल्ट सेटिंगप्रमाणे ते एक्सपायर होतं, आणि न घेतलेले मेसेज साधारण ७ दिवसच ठेवले जातात. सर्व्हर बदलला, जुनं बंद केलं आणि नवीन जोडायचं राहिलं की महिनाभराने पाईपच गायब झालेला असतो आणि कुठे लाल दिवा पण लागत नाही.

म्हणून नोटिफिकेशनच्या भरवशावर राहू नका. रोज रात्री एक जॉब लावा जो व्हॉइडेड पर्चेसेसची यादी मागवून तुमच्या डेटाबेसशी ताडून बघेल. ही यादी फक्त मागच्या ३० दिवसांची मिळते, त्याच्या आधीचं हातातून गेलं, त्यामुळे "पुढच्या तिमाहीत बघू" म्हणण्याची सोय नाही. सबस्क्रिप्शन पण हवी असतील तर टाइप १ द्यावा लागतो, नाहीतर फक्त इन-अ‍ॅप वस्तूच येतात आणि वाटतं की सबस्क्रिप्शनचे रिफंडच नाहीत.

अ‍ॅपलसाठी सर्व्हर नोटिफिकेशन्सचं व्हर्जन २ लावा. रिफंड झाला की रिफंड अशी नोटीस येते. तुमचा सर्व्हर झोपलेला असेल तर अ‍ॅपल पाच वेळा परत प्रयत्न करतं, १, १२, २४, ४८ आणि ७२ तासांच्या अंतराने, आणि तरी हुकलं तर नोटिफिकेशन हिस्टरीमधून मागच्या १८० दिवसांचं मागवता येतं. रिफंड रिव्हर्स्ड नावाची अजून एक नोटीस आहे, म्हणजे दिलेला रिफंड अ‍ॅपलने नंतर मागे घेतला, तेव्हा युजरला वस्तू परत द्यायची असते. हा कोड बहुतेकांनी लिहिलेला नसतो आणि मग पैसे भरलेला माणूस उपाशी राहतो.

६. खबर आल्यावर सर्व्हर काय करतो?

खबर येते, लॉगमध्ये पडते, आणि पुढे काहीच होत नाही, हे पण खूप बघितलंय. इथे मी तपासतो ते असं.

खरेदी कोणाच्या नावावर होती हे सापडतं का? खरेदी सुरू करताना गूगलला ऑब्फस्केटेड अकाउंट आयडी देता येतो, ६४ अक्षरांपर्यंत, त्यात ईमेल किंवा फोन नंबर उघडा टाकायचा नाही, तुमच्या युजर आयडीचं हॅश (त्यावरून मूळ आयडी ओळखता येणार नाही असं रूपांतर) टाका. अ‍ॅपलकडे त्याच कामासाठी अ‍ॅप अकाउंट टोकन आहे, ते यूयूआयडीच (ठरावीक नमुन्याचा एकमेव ओळख क्रमांक) असावं लागतं. हे पहिल्यापासून दिलं नसेल तर रिफंड आल्यावर तो कोणाचा हे शोधत बसावं लागतं. डेटाबेसमध्ये पर्चेस टोकन, म्हणजे प्रत्येक खरेदीला गूगल देतं ती ओळखखूण, युनिक ठेवा म्हणजे एकच खरेदी दोन अकाउंटवर चढवायची युक्ती पण बंद होते, नुसता ऑर्डर नंबर ठेवून भागत नाही.

कॉईन्सचा हिशोब कसा ठेवलाय? नुसता शिल्लक आकडा ठेवला असेल, म्हणजे युजरच्या रांगेत एक कॉलम आणि त्यात ५०००, तर रिफंडनंतर काय आणि किती वजा करायचं कळत नाही. वाण्याच्या खातेवहीसारखी एकेक नोंद ठेवा, अमुक टोकनने ५००० जमा, तमुक वस्तूसाठी ३०० खर्च, अमुक टोकन रद्द म्हणून ५००० वजा. शिल्लक म्हणजे या सगळ्याची बेरीज. आणि वजा करणारी नोंद टोकनला बांधा, कारण पब-सब एकच मेसेज दोनदा देऊ शकतं आणि रात्रीचा जॉब पण तोच रिफंड परत आणणार, तेव्हा दुसऱ्यांदा वजा व्हायला नको. एकावेळी अनेक नग विकत असाल तर काही नगांचाच रिफंड होऊ शकतो, सगळे वजा करून बसू नका.

कॉईन्स आधीच खर्च झाले असतील तर? शिल्लक उणे जाऊ द्या. हाच यातला सगळ्यात परिणामकारक उपाय आहे असं माझं ठाम मत आहे, कोणाला बॅन करायची गरज नाही, शिल्लक शून्याच्या वर येईपर्यंत दुकान बंद, खेळ चालू. खऱ्या चुकीने रिफंड घेतलेला माणूस गपचूप भरून काढतो आणि फुकट खाणाऱ्याला पुढे काही मिळत नाही. पण युजरला ते समजेल असं सांगा, आकडा नुसता लाल करून सोडून देऊ नका. मी देतो तो मेसेज साधारण असा असतो: "तुमच्या ५००० कॉईन्सच्या खरेदीचे पैसे तुम्हाला परत मिळाले आहेत, म्हणून ते कॉईन्स खात्यातून वजा केले आहेत. रिफंड तुम्ही मागितला नसेल तर इथे कळवा." शेवटची ओळ काढू नका, तिच्यामुळेच दुसऱ्या मुद्द्यातल्या अ‍ॅक्नॉलेजच्या भानगडी कळतात.

सबस्क्रिप्शनमध्ये प्लॅन बदलला की नवीन टोकन येतं आणि त्याच्यासोबत लिंक्ड पर्चेस टोकन म्हणून जुनं येतं. जुनं बंद केलं नाही तर एकाच पैशात दोन प्रीमियम चालू राहतात, आणि एक रिफंड झाला तरी दुसरा जिवंत. हे पण लोकांना कळतं.

७. अ‍ॅपलने विचारलं तर उत्तर देताय का?

आयफोनवर युजरने रिफंड मागितला की काही वेळा अ‍ॅपल तुमच्या सर्व्हरला कन्झम्प्शन रिक्वेस्ट पाठवतं, सोप्या भाषेत, याने वस्तू किती वापरली ते सांगा. उत्तर १२ तासांच्या आत द्यायचं, त्यामुळे माणूस बसवून चालत नाही, कोडनेच द्यावं लागतं. माल नीट पोचला का, किती वापरला, रिफंड द्यावा की देऊ नये याबद्दल तुमचा कल काय, हे सांगता येतं. निर्णय तरीही अ‍ॅपलचाच, पण न बोलणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याचं म्हणणं तिथे पोचतं तरी. ही माहिती पाठवायला युजरची संमती लागते, ती नसेल तर पाठवू नका. आणि खोटं पाठवू नका, माल मिळालाच नसेल तर तसं सांगा.

८. माल द्यायची पद्धत बदला

इथून पुढे डेव्हलपमेंटचा खर्च आहे. एका गेमच्या लॉगमधला प्रकार सांगतो, जवळून बघण्यासारखा आहे. दुपारी २:१० ला नव्याकोऱ्या अकाउंटवरून ७९९ रुपयांचा पॅक, २:११ ला कॉईन्स जमा, २:१४ ला जवळपास सगळे कॉईन्स दुसऱ्या जुन्या अकाउंटला गिफ्ट, २:४० ला रिफंडची नोटीस. ज्याच्याकडून वजा करायचं ते अकाउंट रिकामं आणि सोडून दिलेलं, आणि जुन्या अकाउंटवाल्याने टेलिग्रामवर कोणालातरी तीनशे रुपये देऊन ते कॉईन्स "स्वस्तात" घेतलेले. तो बिचारा बऱ्याचदा कॉलेजचा पोरगा असतो आणि त्याला खरंच वाटतं की डिस्काउंट मिळाला.

म्हणून विकत घेतलेले कॉईन्स स्वतः खर्च करायला लगेच मोकळे ठेवा पण दुसऱ्याला गिफ्ट किंवा ट्रान्सफर करायला निदान ४८ तास थांबवा, ग्राहकाचा सोपा रिफंड त्याच खिडकीत होतो. नवीन अकाउंटला पहिले काही दिवस सगळ्यात मोठा पॅक दाखवूच नका. आणि हे सगळ्यांना सारखं लावा, म्हणजे प्रामाणिक माणसाला संशयिताची वागणूक मिळत नाही.

टेस्ट सिरीजवाल्यांसाठी, सगळ्या पीडीएफ पहिल्याच रात्री डाउनलोडला मोकळ्या ठेवायची गरजच नसते. एक पेपर सोडवला की पुढचा उघडेल असं ठेवा, अभ्यास करणाऱ्याला काही फरक पडत नाही. आणि दोन-तीन पेपर फुकट दाखवा, मग "वाटलं तसं नव्हतं" म्हणून येणारे रिफंड कमी होतात, कारण बघूनच घेतलेलं असतं.

९. खरेदीची पडताळणी सर्व्हरवर

पहिल्या मुद्द्यात ऑर्डरच सापडली नसेल तर हे टाळता येणार नाही. फोनने सांगितलं की पैसे भरले म्हणून माल द्यायचा नाही. टोकन सर्व्हरला पाठवा, सर्व्हरने गूगलला विचारावं की हे टोकन, हे पॅकेज, ही वस्तू खरी का, स्थिती पर्चेस्ड आहे का, आणि हे टोकन आपण आधी वापरलंय का, मगच कॉईन्स जमा. अ‍ॅपलकडे सही केलेला ट्रान्झॅक्शन येतो, त्याची सही सर्व्हरवर तपासा. कॉईन्स जमा करणारी एपीआय उघडी असेल आणि फोनवरून थेट आकडा घेत असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

त्याच्यावर प्ले इंटिग्रिटी एपीआय लावता येते, अ‍ॅप प्लेवरून घेतलेलं मूळचंच आहे का की कोणी बदललंय हे ती सांगते. पण आधी पडताळणी, मग हे. उलट क्रमाने करणारे बघितलेत, त्यांचा पैसा वाया गेला.

१०. तेच तेच लोक ओळखणं

सगळ्यात शेवटी, कारण इथे चुकून निर्दोष माणूस भरडला जातो. एका रिफंडवर काहीही करू नका. ठरावीक काळात अनेक रिफंड, आणि प्रत्येक वेळी माल वापरून झाल्यावर, असं दिसलं तर पायरीपायरीने जा, आधी शिल्लक उणे, मग काही काळ खरेदी बंद, आणि अगदीच शेवटी अकाउंट.

गेस्ट अकाउंट बदलून येणाऱ्यांसाठी लोक फोनच ओळखायला बघतात. आयएमईआय विसरा, अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला तो मिळत नाही. अँड्रॉइड आयडी फोन फॅक्टरी रीसेट केला की बदलतो. अ‍ॅपलकडे डिव्हाइसचेक आहे, प्रत्येक फोनमागे २ बिट ठेवता येतात आणि अ‍ॅप काढून परत टाकलं तरी ते राहतात, गूगलने प्ले इंटिग्रिटीत डिव्हाइस रिकॉल नावाने असंच ३ बिटांचं काढलंय. पण फोनवरून कायमची बंदी घालू नका. आपल्याकडे एका घरात एक फोन तिघं भावंडं वापरतात, आणि जुना फोन विकला जातो, उद्या तो घेणाऱ्याचा काय दोष. त्यापेक्षा महागडे पॅक घ्यायचे असतील तर लॉगिन करा एवढी अट पुरते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एका दिवसात फ्रॉड आणि चार्जबॅकचे रिफंड एकदम उसळले तर ते चोरीच्या कार्डांचं काम असू शकतं. स्वतः डिटेक्टिव्ह होऊन त्या टेलिग्राम ग्रुपवाल्याशी बोलायला जाऊ नका. गिफ्टिंग तात्पुरतं बंद करा, प्लॅटफॉर्मच्या डेव्हलपर सपोर्टला लिहा, आणि तुमचं किंवा तुमच्या युजरचं आर्थिक नुकसान झालं असेल तर १९३० नंबरवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार द्या.

तुमच्या सर्व्हिस अकाउंटची "की", म्हणजे गुप्त चावी, कुठे लीक झालीय असं वाटलं, म्हणजे डेव्हलपरच्या नावाने झालेले रिफंड टीममधल्या कोणीच केलेले नसतील किंवा ती चावी चुकून पब्लिक रिपॉझिटरीत (कोणीही बघू शकेल अशा कोडच्या साठ्यात) गेली असेल, तर आधी ती रद्द करा, मग सिक्युरिटीचं काम करणारा माणूस बोलवा. त्या चावीने अजून काय काय झालं हे शोधणं नवख्याचं काम नाही.

जुन्या हजारो खात्यांतून एकदम कॉईन्स वजा करायचे असतील तर बॅकअप, आधी कॉपीवर चाचणी, आणि अनुभवी डेटाबेसवाला शेजारी. एक चुकलेली क्वेरी सगळ्या प्रामाणिक गिऱ्हाईकांना उणेत टाकते आणि तो विश्वास परत मिळत नाही.

रिफंडचा जीएसटीवर आणि वर्षाच्या हिशोबावर काय परिणाम हे सीएला विचारा, रिपोर्ट डाउनलोड करून द्या, स्वतः अंदाजाने आकडे भरू नका. ग्राहकाकडून वकिलाची नोटीस किंवा ग्राहक मंचाची तक्रार आली तर उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या. आणि तुमचे युजर १८ वर्षांखालचे असतील तर फोन ओळखायचं, वागणुकीवर नजर ठेवायचं काहीही सुरू करायच्या आधी वकिलाशी बोला, कारण २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ खालचे सगळे मूलच धरलेत आणि पालकांच्या संमतीची अट आहे.

यातल्या कोणाकडेही जाताना एक फोल्डर तयार ठेवा, ऑर्डर नंबर, खरेदीची आणि रिफंडची वेळ, सोर्स आणि रीझनचे आकडे, त्या अकाउंटच्या खर्चाच्या नोंदी, सपोर्टवरचं बोलणं, आणि लॉग मूळ स्वरूपात, हाताने काही न बदलता. पर्चेस टोकन आणि ती चावी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ग्रुपवर टाकू नका, मागितलं तर समोर बसून दाखवा.